जुन्या मोटारीच्या इंजिनातील तुटलेला स्टड : काढण्याची रीत आणि मापांची भाषा

भाषाशास्त्र विभागाच्या पत्रिकेत मोटारीच्या इंजिनाची दुरुस्ती हा विषय पाहून काही वाचकांस आश्चर्य वाटेल. त्याचे कारण प्रथमच सांगणे इष्ट होय. वऱ्हाडातील कारागिरांच्या बोलीतील शब्द गोळा करण्याच्या निमित्ताने प्रस्तुत लेखक वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरी या गावी गेला होता. तेथे आप्तांच्या वाड्यात उभी असलेली १९६८ सालची अँबॅसडर मोटार पुन्हा चालती करण्याचे काम सुरू होते व त्यासाठी कारंज्याहून एक वयस्क मिस्त्री येत असत. शब्द टिपता टिपता पाना हाती धरण्याचा मोह लेखकास आवरला नाही, आणि इंजिनाच्या हेडवरील एक स्टड लेखकाच्याच हातून तुटला. तो काढून त्या जागी नवा बसविण्यास तीन दिवस लागले.

त्या तीन दिवसांत दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली ही की, तुटलेला स्टड काढणे हे नुसत्या हातचलाखीचे काम नसून ते क्रमाने सांगता येण्याजोगे शास्त्र आहे. दुसरी गोष्ट आमच्या विषयाच्या अधिक जवळची आहे. आमचा स्टड केवळ गंजामुळे तुटला नाही. एका मापाच्या नावाखाली दुसरे माप पूर्वी कोणी तरी तेथे बसविले होते, म्हणून तो तुटला. ही चूक जितकी यंत्राची, तितकीच भाषेचीही होती. प्रस्तुत लेखात या दोन्ही गोष्टींचा विचार करावयाचा आहे.

१. स्टड कशासाठी असतो

बोल्टच्या एका टोकास डोके व दुसऱ्या टोकास आटे असतात. स्टडला डोके नसते. त्याच्या दोन्ही टोकांस आटे असतात. एक टोक इंजिनाच्या ओतीव भागात कायमचे बसविलेले असते, तर दुसरे बाहेर उभे राहते. त्यावरून झाकण उतरवून बसवितात व वरून नट आवळतात.

हा खटाटोप करण्याचे कारण असे की, इंजिनाचा ब्लॉक आणि पुष्कळदा हेडही बिडाचे असते. बीड कठीण असले तरी ठिसूळ असते. त्यात पाडलेल्या आट्यांत बोल्ट वारंवार घातला व काढला तर ते आटे झिजतात आणि ढासळतात. स्टड असला म्हणजे ही सारी झीज स्टड व नट यांच्यात होते. या दोन्ही वस्तू थोड्या पैशांत बदलता येतात. हेड किंवा ब्लॉक तसा बदलता येत नाही. स्वतः झिजून मोठ्या भागाचे रक्षण करावे, हेच स्टडचे काम होय. याच धोरणाने बहुतेक इंजिनांत बिडात जाणाऱ्या टोकाचे आटे जाड ठेवतात व नटाकडील टोकाचे बारीक ठेवतात. जाड आटे बिडात भक्कम बसतात. बारीक आट्यांमुळे नट बेताने आवळता येतो.

येथे शब्दांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. प्रमाण मराठीत ज्यांना ‘आटे’ म्हणतात त्यांना वऱ्हाडातील गॅरेजांत ‘चुडी’ असेही म्हणतात. हा शब्द हिंदीतून आला. त्या भाषेत चूडी म्हणजे बांगडीही होय. दांड्यावर ओळीने चढविलेल्या बांगड्यांची ही प्रतिमा इतकी स्पष्ट आहे की तिचे निराळे स्पष्टीकरण नको. आटे झिजून निकामी झाले की मिस्त्री ‘चुडी मेली’ असे म्हणतात. ‘पेच’ हा शब्द फारसीतला. त्याचा मूळ अर्थ पीळ. ‘मिस्त्री’ हा पोर्तुगीज ‘मेस्त्रे’पासून आलेला मानतात. ‘स्टड’, ‘नट’, ‘टॅप’ व ‘डाय’ हे इंग्रजी. एका लहानशा कामावर इतक्या भाषांची छाया पडलेली आहे, आणि कामगारास त्याची काहीच अडचण होत नाही. अडचण पुढे निराळ्याच ठिकाणी आली.

२. स्टड का तुटतो

स्टड तुटण्याची कारणे मुख्यतः तीन आहेत.

पहिले कारण गंज. लोखंडाचा गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांच्या फटीत त्याला पसरावयास जागा नसते. त्यामुळे तो पाचरीसारखा घट्ट बसतो. झाकण अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आणि स्टड पोलादाचा असेल तर यात भर पडते. दोन निराळे धातू व त्यांच्यामध्ये पाणी असे झाले की विद्युत्-रासायनिक क्रिया सुरू होते, अॅल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी स्टडभोवती सिमेंटासारखी आवळते. आमच्या मोटारीतील स्टड नेमके अशाच जागी होते. इंजिनाच्या पुढल्या भागी, जेथून तापलेले पाणी रेडिएटरकडे जाते, तेथे थर्मोस्टॅटचे घर असते व त्याचे झाकण तीन स्टडांवर बसते. आपल्याकडील उष्ण हवेमुळे पुष्कळ मिस्त्री थर्मोस्टॅट काढूनच टाकीत. परंतु झाकण मात्र राहते, आणि रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे विहिरीचे जड पाणी घातले की क्षार व गंज या दोहोंचा थर तेथे साचतो.

दुसरे कारण पूर्वीचा ताण. लांब पाना घेऊन नट अवाजवी आवळला असेल तर पोलाद आधीच ताणले गेलेले असते. पुढे कधी तरी तो नट काढताना स्टड तुटतो व दोष काढणाऱ्याच्या माथी येतो.

तिसरे कारण हाताच्या अंदाजाचे. पीळ सोसण्याची दांड्याची शक्ती त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. अर्ध्या इंचाचा स्टड ५/१६ इंचाच्या स्टडहून दुपटीनेही जाड नसतो. तथापि तो पीळ मात्र सुमारे चौपट सोसतो. मोठ्या नटाची सवय झालेला हात लहान नटावर तसाच चालविला तर काय होईल हे यावरून उघड आहे.

तुटण्यापूर्वी स्टड एक सूचना देतो. सुटू लागलेला स्टड कुरकुरतो. गंज मोडल्याचा आवाज येतो आणि हाताला खरखर लागते. तुटू घातलेला स्टड आवाज करीत नाही. पाना फिरतो, परंतु रबर पिळल्यासारखा मऊ लागतो. म्हणजे आटे फिरत नसून पोलादच पिळले जात असते. मिस्त्रींनी हे आपल्या बोलीत असे सांगितले : “कुरकुरला तं सुटला, मऊ लागला तं तुटला.” दुर्दैवाने हे वाक्य लेखकाच्या वहीत स्टड तुटल्यानंतर उतरले.

३. तुटू नये म्हणून

तुटलेला स्टड काढण्यास जो वेळ लागतो, त्याचा दहावा हिस्साही तो न तुटू देण्यास लागत नाही. त्यासाठी पुढील क्रम उपयोगी आहे.

प्रथम तारेच्या ब्रशाने स्टडचे उघडे आटे स्वच्छ करावेत. नट ज्या आट्यांवरून बाहेर यावयाचा तेच गंजलेले असतील तर तो सुटूनही पुन्हा अडकतो. मग गंज सैल करणारे पातळ तेल सोडावे व एक रात्र तसेच राहू द्यावे. पाण्याचा भाग असल्यास आधी रेडिएटर रिकामा करावा. दुसऱ्या दिवशी स्टडच्या माथ्यावर पितळी अगर तांब्याच्या ठोकणीने सरळ, हलके ठोके द्यावेत. ठोक्यांनी गंजाचा थर तडकतो व तेलास आत वाट मिळते.

एवढ्याने न सुटल्यास उष्णतेचा उपयोग करावा. नटाभोवतीचा भाग तापविला की तो प्रसरण पावतो, थंड झाला की आकुंचतो. या हालचालीने गंजाची पकड मोडते. तापलेल्या सांध्यास मेणबत्तीचे मेण लावले तर ते वितळून आट्यांत ओढले जाते. आगीचा प्रयोग करण्यापूर्वी पेट्रोलची नळी व टाकी यांची व्यवस्था पाहणे, बॅटरीची तार सोडविणे आणि जवळ वाळूची बादली ठेवणे ही दक्षता घेतलीच पाहिजे.

शेवटी पाना. तो फक्त सोडण्याच्या दिशेने जोर करून फिरवू नये. किंचित आवळावे, किंचित सोडावे. पुन्हा आवळावे, पुन्हा सोडावे. मिस्त्री आपल्या हाताखालच्या मुलास सांगत होते : “हळू फिरवजो बापा, अडलं तं वापस घेजो.” ‘फिरवजो’, ‘घेजो’ ही आज्ञार्थाची रूपे वऱ्हाडी बोलीचे एक लक्षण होय. ‘फिरव’ ही तत्काळची आज्ञा झाली. ‘फिरवजो’ हिच्यात पुढेही ध्यानात ठेवावयाची शिकवण असते. शिकाऊ मुलास काम सांगताना मिस्त्रींच्या तोंडी हेच रूप वारंवार येई, हे लेखकास सहेतुक वाटले.

स्टड धडधाकट असून तोच बाहेर काढावयाचा असेल तर त्यावर दोन नट चढवून ते एकमेकांवर आवळावेत व खालच्या नटास पाना लावून फिरवावा. दोन नटांची मिठी बसली की स्टडला जणू डोके येते.

४. तुटल्यानंतर

तुटलेल्या स्टडवर कोणता उपाय चालेल हे दोन प्रश्नांवर अवलंबून असते. तुकडा पृष्ठभागाच्या वर उरला आहे की नाही, आणि तो कशामुळे अडला आहे.

तुकडा बोटाच्या पेराएवढा वर उरला असेल तर त्याच्या दोन बाजू कानशीने सपाट करून पाना लावता येतो. थोडाच उरला असेल तर त्यावर जरा मोठा नट ठेवून आतून वेल्डिंग करावे. वेल्डिंगचा धातू बिडास चांगला धरत नाही, स्टडच्या पोलादास मात्र धरतो. शिवाय उष्णतेने तुकडा फुगून पुन्हा आकसतो व सैल होतो. नट थोडा निवला की तो सावकाश फिरवावा.

तुकडा पृष्ठभागाशी सपाट किंवा त्याच्या खाली तुटला असेल तर त्याच्या बरोबर मध्यावर पंचाने खूण करून भोक पाडावे लागते. सारे यश या मध्यावर अवलंबून आहे. खूण बाजूला गेली की ड्रिल पोलाद सोडून मऊ बिडाकडे वळते व छिद्र वाकडे होते. उलट दिशेने कापणारे ड्रिल मिळाले तर उत्तम. भोक पाडता पाडताच तुकडा फिरून वर आल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. नंतर त्या भोकात उलट्या पिळाचा ‘ईझी-आउट’ घालून तुकडा फिरवितात.

या ईझी-आउटविषयी इशारा दिला पाहिजे. नावात ‘ईझी’, म्हणजे सोपे, असले तरी हे हत्यार अतिशय कठीण पोलादाचे असते आणि म्हणून ठिसूळही असते. ज्या जोरास पूर्ण जाडीचा स्टड टिकला नाही, तो जोर त्याच्या आतल्या बारीक हत्याराने कसा सोसावा? ते आत मोडले तर साध्या ड्रिलने कापता येत नाही, आणि मूळच्या संकटाहून मोठे संकट उभे राहते. स्टड वरच्या बाजूस, नटाच्या किंवा झाकणाच्या पकडीमुळे तुटला असून आतले आटे मोकळे असतील, तेथेच ते वापरावे. आतले आटेच धरून बसले असतील तर त्याच्या वाटेस जाऊ नये. तेथे तुकडा पूर्णपणे पोखरून काढणे हाच सुरक्षित मार्ग होय.

आता आमच्या स्टडविषयी. तो पृष्ठभागाच्या किंचित खाली तुटला होता. आतले आटे धरलेले आहेत की मोकळे आहेत, हे बाहेरून दिसण्याचा मार्ग नव्हता. तरीही मिस्त्रींनी ईझी-आउट बाजूला ठेवला व तुकडा पोखरण्याचे ठरविले. त्यांना हे कळले ते एका नटावरून.

५. तिसऱ्या नटाचा पाना

थर्मोस्टॅटच्या झाकणाचे पहिले दोन नट अर्ध्या इंचाच्या पान्याने सुटले होते. तिसऱ्या नटावर तो पाना चढेना. गंजामुळे नट फुगला असावा अशी समजूत करून घेऊन लेखकाने १३ मिलिमीटरचा पाना लावला. तो अचूक बसला, आणि स्टड तुटला. मिस्त्रींनी तुटलेला तुकडा व नट हातात घेऊन पाहिला आणि विचारले, “सर, याले पाना कोन्ता लागला?” उत्तर ऐकताच त्यांनी मान हलविली. तिसरा स्टड त्या इंजिनाचा नव्हताच.

या इंजिनातील ते स्टड ५/१६ इंचाचे असतात. कारागिरांच्या मापात इंचाचे आठ सूत होतात. सुताराच्या दोरीपासून निघालेला हा शब्द लोहारकामातही रुळला. २/८ म्हणजे दोन सूत, ३/८ म्हणजे तीन सूत, आणि ५/१६ म्हणजे अडीच सूत. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर. तेव्हा ८ मिलिमीटरचा स्टडही दुकानात व गॅरेजात ‘अडीच सूत’ याच नावाने चालतो. दोहोंच्या व्यासांत फरक केवळ ०.०६ मिलिमीटरचा; डोळ्यास किंवा हातास तो कळत नाही.

परंतु आट्यांचे तसे नाही. ५/१६ इंचाच्या जाड आट्याच्या स्टडला एका इंचात १८ आटे असतात. म्हणजे एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर १.४१ मिलिमीटर. ८ मिलिमीटरच्या नेहमीच्या स्टडमध्ये हे अंतर १.२५ मिलिमीटर असते. एका फेऱ्यास ०.१६ मिलिमीटरची तफावत पडते. पहिला-दुसरा फेरा सहज जातो, कारण आट्यांत थोडा मोकळेपणा असतोच. चौथ्या-पाचव्या फेऱ्यापर्यंत तफावत अर्ध्या आट्याएवढी होते व स्टड अडतो. बसविणाऱ्याला वाटते, आत घाण असेल. तो जोर करतो. पोलाद बिडाचे आटे चिरीत आणखी थोडे आत जाते आणि तेथे पाचरीसारखे बसते. वरून पाहणाऱ्यास स्टड अगदी भक्कम बसलेला दिसतो.

आमच्या मोटारीत असेच झाले असले पाहिजे. कोणी, केव्हा हे शोधण्याचे साधन नाही. त्याचे प्रयोजनही नाही. कोणी तरी अडीच सुताचा स्टड मागितला, दुसऱ्या कोणी अडीच सुताचाच दिला, आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर होते. शब्द एकच होता. त्याखालच्या वस्तू दोन झाल्या होत्या.

भाषेच्या अभ्यासकास हा प्रकार परिचयाचा आहे. ‘शिक्षा’ हा शब्द मराठीत दंडाचा व हिंदीत विद्येचा वाचक आहे. दोन्हीकडे उच्चार तोच, म्हणूनच फसगत होते. निराळा दिसणारा शब्द आपणांस सावध करतो. सारखा दिसणारा शब्द निर्धास्त करतो. अर्ध्या इंचाचा व तीन सुतांचा स्टड यांत कोणी गोंधळत नाही. ५/१६ इंच व ८ मिलिमीटर यांतच गोंधळ होतो.

६. ही दोन मापे एका गॅरेजात कशी आली

आट्यांचे प्रमाणीकरण प्रथम इंग्लंडात १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी मांडले. त्यांच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा होता. अमेरिकेत १८६४ मध्ये विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा आटा सुचविला. पुष्कळ मापांत दोन्हीकडील दर इंची आटे सारखेच होते. अर्ध्या इंचाच्या मापात मात्र व्हिटवर्थचे १२ व अमेरिकेचे १३. दुसऱ्या महायुद्धात दोन मित्रराष्ट्रांचे नट-बोल्ट एकमेकांस लागू पडेनात, तेव्हा या भेदाची किंमत कळली. नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी ६० अंशांचा ‘युनिफाइड’ आटा मान्य केला. अँबॅसडरचे १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन ब्रिटिश घराण्याचे असूनही त्याचे आटे या युनिफाइड पद्धतीचे आहेत, ते यामुळे.

त्याहून जुन्या काही मॉरिस इंजिनांची कथा तर याहून विलक्षण आहे. मॉरिस यांनी कॉव्हेंट्री येथील हॉचकिस या मूळ फ्रेंच कंपनीचा इंजिनांचा कारखाना १९२३ मध्ये घेतला. तेथील यंत्रे मेट्रिक आटे पाडीत. परंतु ग्राहकांपाशी पाने ब्रिटिश. तेव्हा नट बाहेरून व्हिटवर्थ पान्यास बसेल असा आणि आतून मिलिमीटरचा, असा संकर अनेक वर्षे चालू राहिला. बाह्य रूपावरून अर्थ ठरविणाऱ्यास यासारखा दुसरा धडा नाही.

आपल्या देशात वजने-मापांचा मेट्रिक कायदा १९५६ मध्ये झाला व १ ऑक्टोबर १९५८ पासून त्याची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी झाली. त्याच सुमारास पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यातून अँबॅसडर बाहेर पडू लागली. देश मिलिमीटरकडे निघाला असता ही मोटार इंचाचे आटे घेऊन आली. उलट मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात होणारी फियाट, पुढे जी पद्मिनी नावाने प्रसिद्ध झाली, ती इटालियन घडणीची म्हणून मेट्रिक आट्यांची. वऱ्हाडातील एखाद्या गॅरेजात या दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहत. १९९० नंतर अँबॅसडरमध्येच इसुझू घडणीचे जपानी इंजिन येऊ लागले, तेव्हा एकाच नावाच्या मोटारीतही दोन मापे झाली. २०१४ मध्ये अँबॅसडरचे उत्पादन थांबले. इंचाचे नट-बोल्ट दुकानांतून हळूहळू दिसेनासे झाले. ‘सूत’ हा शब्द मात्र राहिला. आणे जाऊन इतकी वर्षे झाली तरी आपण ‘सोळा आणे खरे’ म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की, सोळा आण्यांच्या बोलण्यावर आता कोणी नाणे मागत नाही; अडीच सुतांच्या बोलण्यावर मात्र वस्तू दिली-घेतली जाते.

७. नवा स्टड

तिसऱ्या नटाचे रहस्य कळल्यामुळे उपाय ठरला. आतला तुकडा गंजाने नव्हे तर चिरलेल्या आट्यांनी धरला होता. तो फिरून येणार नव्हता. मिस्त्रींनी झाकण पुन्हा जागेवर ठेवले, त्याच्या छिद्रात लेथवर केलेली एक लहान नळी बसविली आणि तिच्यातून ड्रिल घातले. झाकणाचे छिद्र मुळातच योग्य जागी असल्याने ड्रिल आपोआप मध्यावर राहिले. पाण्याच्या वाटेत चिंध्या कोंबून ठेवल्या, जेणेकरून कीस आत पडू नये. प्रथम ३ मिलिमीटर, मग ५, मग ६.५ असे भोक वाढवीत नेले. तुकड्याचे पातळ कवच उरले, ते बारीक छिन्नीने आत दुमडून चिमट्याने काढले.

अशा वेळी खालचे आटे शाबूत असतील तर मूळ मापाचा टॅप फिरवून ते साफ करणे पुरते. आमच्या छिद्रात वरचे पाच आटे पार गेले होते व उरलेले भरवशाचे नव्हते. तेथे दोन मार्ग असतात. एक म्हणजे मोठे आटे पाडून त्यात स्प्रिंगसारखी पोलादी तारेची वेटोळी बसविणे. तिला हेलिकॉइल म्हणतात व तिच्या आत मूळ मापाचा स्टड बसतो. दुसरा, जुन्या कारागिरांचा मार्ग म्हणजे पायरीचा स्टड : खालून एक माप मोठा, वरून मूळ मापाचा. मिस्त्रींनी हा दुसरा पत्करला. खालचे टोक तीन सूत, म्हणजे ३/८ इंच, दर इंची १६ आटे. त्यासाठी पाडावे लागणारे भोक ५/१६ इंचाचे, म्हणजे जवळजवळ ८ मिलिमीटरचेच असते. ज्या मापाने घात केला त्याच मापाचे ड्रिल येथे उपयोगी पडले. अर्थात भोक वाढविण्यापूर्वी भोवतालच्या बिडाची जाडी पुरेशी आहे हे पाहून घ्यावे लागते.

टॅप नेहमी तिघांच्या संचात येतात. पहिला निमुळता, शेवटचा तळापर्यंत कापणारा. टॅप काटकोनात उभा धरून अर्धा फेरा पुढे व पाव फेरा मागे असा फिरवावा, म्हणजे कीस तुटून पडतो. बिडाचा कीस भुकटीसारखा असतो. तो वेळोवेळी काढला पाहिजे. बंद छिद्रात तेल किंवा पाणी साचू देऊ नये. स्टड आत जाताना ते दाबले जाऊन बीड तडकू शकते.

स्टड बसविताना तो हाताने तळापर्यंत न्यावा, मग किंचित मागे घ्यावा. तळाशी टेकवून पिळू नये. छिद्र पाण्याच्या पोकळीत उघडत असेल तर आट्यांस पाणी रोखणारा लेप लावावा. नटाकडील आट्यांस ग्रॅफाइटचे वंगण लावले तर पुढील वेळी तो सुखाने सुटतो. झाकणाचे दोन्ही पृष्ठभाग साफ करून नवे पॅकिंग घालावे व तिन्ही नट थोडे थोडे, आळीपाळीने आवळावेत. झाकणाचा स्टड साधारण चांगल्या पोलादाचा चालतो. सिलिंडर हेडचे स्टड मात्र उच्च ताण सोसणाऱ्या पोलादाचेच असले पाहिजेत, तेथे बाजारच्या साध्या सळईवर आटे पाडून काम भागवू नये.

इतके कष्ट एका बोटभर दांड्यासाठी का घ्यावेत, असा प्रश्न येईल. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, तिच्याप्रमाणे पहिल्या नोंदणीस पन्नासहून अधिक वर्षे झालेली व मूळ स्वरूपात राखलेली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. जुने हेड फेकून मिळेल ते बसविले तर हे मूळ स्वरूपच उरत नाही. पण नियमापेक्षा मोठे कारण निराळे आहे. असे हेड आता ओतले जात नाही. जे आहे ते राखणे एवढेच हाती आहे.

८. समारोप

स्टड बसल्यानंतर मिस्त्रींनी पत्र्याच्या एका लहान तुकड्यावर पंचाने ‘खाली ३ सूत १६, वर २॥ सूत २४’ असे ठोकले आणि तो तारेने झाकणापाशी बांधला. पहिला आकडा जाडीचा, दुसरा दर इंची आट्यांचा. पुढे कोणी हा नट सोडील त्याची फसगत होऊ नये, हा हेतू. लेखकाच्या मते तीन दिवसांतील सर्वांत मोलाचे काम हेच झाले. ‘अडीच सूत’ या शब्दात जी संदिग्धता शिरली होती ती त्या पत्र्याने दूर केली. ज्यांच्यापाशी जुने वाहन अगर जुने तेलाचे इंजिन आहे त्यांनीही बदललेल्या प्रत्येक स्टडची जाडी व दर इंची आटे वहीत लिहून ठेवावेत. नुसती जाडी लिहिणे पुरेसे नाही.

आमच्या विभागापुरता निष्कर्षही यातूनच निघतो. १९६० मध्ये महाराष्ट्र शासनाने भाषा संचालनालय स्थापिले आणि विविध शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध झाले. ते कार्य मोठे आहे. परंतु कोशातील संज्ञा वस्तूचे नाव सांगते. ते नाव कोणत्या वस्तूंवर, कोणत्या काळी, कोणत्या गफलतीसह चालले, हे कारागिराच्या तोंडून व हातूनच कळते. ‘सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग’ ही व्याख्या अचूक आहे, आणि ती पाठ असलेल्या माणसाच्याच हातून हा स्टड तुटला. शब्दसंग्राहकाने शब्दाबरोबर वस्तूही मोजून पाहावी, आणि पाना एका नटास बसला नाही तर नटास दोष देण्यापूर्वी क्षणभर थांबावे, इतका धडा इंझोरीच्या त्या वाड्यात लेखकास मिळाला.